शंका घ्या, पण उत्तरही ऐका!

आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या वर्षी एक फोटो आला. मॅसॅच्युसेट्सला एमएस करायला गेलेल्या एका मैत्रिणीच्या पोटरीचा. पोटरीवर तळहाताएवढं लाल वर्तुळ. खाली मेसेज, ‘मागच्या आठवड्यात हायकिंगला गेलो होतो. दुखत नाहीये, खाजतही नाहीये. काय असेल रे हे?’

पाच मिनिटांत ग्रुपमधले तमाम बिनडिग्रीचे डॉक्टर जागे झाले. कुणी गजकर्ण म्हटलं, कुणी ‘हळद लाव’ म्हटलं, एकाने कोरफडीचा फोटोच टाकला. तिच्या युनिव्हर्सिटीतल्या डॉक्टरने मात्र डाग बघूनच सांगितलं, लाइम डिसीज. गोचीड चावून होणारा आजार. दोन आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घेतल्या आणि ती ठणठणीत बरी झाली.

विषय तिथे संपायला हवा होता. पण कुणीतरी विचारलं, ‘यावर लस नाहीये का?’ झालं! एकाने कुठूनतरी आलेला मेसेज पुढे ढकलला. लस होती, पण तिने लोकांचे सांधे निकामी झाले, म्हणून बंद केली. दुसऱ्याने लगेच उलटा मेसेज टाकला. लस झकास होती, पण गोळ्या खपाव्यात म्हणून ती दाबून टाकली. रात्री दोनपर्यंत दोन्ही बाजू तावातावाने भांडत होत्या.

मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली असल्यामुळे निकाल देण्याची जबाबदारी माझ्यावर आली. खरं सांगते, मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मग वाचायला बसले. आणि कळलं की दोन्ही मेसेज चुकीचे आहेत. खरी गोष्ट दडली आहे एका जंतूच्या बाहेरच्या आवरणात. ती तुम्हाला सांगाविशी वाटते, कारण ती फक्त त्या जंतूची नाही. आपण शंका कशी घेतो आणि तिचं पुढे काय करतो, याचीही ती गोष्ट आहे.

सुरुवात १९७५ सालची. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या लाइम नावाच्या छोट्याशा गावात लहान मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टर म्हणाले, बालसंधिवात. पण एकाच परिसरातल्या इतक्या मुलांना एकदम संधिवात? हा प्रश्न पॉली मरे या गावातल्या एका आईने लावून धरला. येल विद्यापीठातल्या अॅलन स्टीअर यांनी त्याचा अभ्यास सुरू केला. म्हणजे या आजाराची ओळखच मुळी एका सामान्य बाईच्या शंकेतून झाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९८१मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात मळसूत्रासारखे वळणदार जंतू दिसले. त्यांच्याच नावावरून जंतूला नाव मिळालं, बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

आता तुमच्यातल्या सायन्सवाल्यांसाठी एक गंमत. ग्रॅम निगेटिव्ह जीवाणू म्हटलं की आपण पाठ केलेलं असतं, की त्याला दोन पटलं असतात आणि बाहेरच्या पटलात लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस असतं. परीक्षेत हमखास चार मार्कांना येणारा प्रश्न. बोरेलियालाही दोन पटलं आहेत. पण बाहेरच्या पटलात एलपीएस नाहीच! आपली प्रतिकारशक्ती एलपीएसचा वास लागला की खवळते. ज्या खुणेवरून पहारेकरी चोर ओळखतो, नेमकी तीच खूण इथे गायब.

मग त्या पटलात आहे काय? एक म्हणजे कोलेस्टेरॉल जोडलेली मेदद्रव्यं. हे कोलेस्टेरॉल या जंतूला स्वतःला बनवता येत नाही. तो ते ज्याच्या अंगात राहतो त्याच्याकडून उचलतो. यजमानाच्याच घरातलं तेल घेऊन त्याच्याच स्वयंपाकघरात भजी तळणारा पाहुणा समजा. आणि दुसरं म्हणजे लायपोप्रोटीन्स. या प्रथिनांच्या एका टोकाला मेद चिकटलेला असतो. मेदाचं टोक पटलात रुतलेलं आणि प्रथिन बाहेर डोकावणारं, कुंपणाच्या काठ्या रोवाव्यात तसं. अशा लायपोप्रोटीन्सचे शंभराहून जास्त प्रकार या एवढ्याशा जंतूच्या जनुकांत लिहिलेले आहेत.

इतके कशाला हवेत? कारण हा जंतू बहुरूपी आहे. दार बदललं की सोंग बदलतो. गोचिडीच्या आतड्यात असताना तो ‘ओस्प-ए’ नावाचं प्रथिन अंगावर मिरवतो आणि त्याच्या जोरावर आतड्याला चिकटून बसतो. गोचीड माणसाला किंवा उंदराला चावली, गरम रक्त आत आलं, की त्याला निरोप मिळतो, ‘घर बदलायची वेळ झाली.’ मग ओस्प-ए उतरवून तो ‘ओस्प-सी’ चढवतो. आपल्या शरीरात पाय रोवायला हेच प्रथिन लागतं. आत शिरल्यावर तिसरं सोंग, ‘व्हीएलएस-ई’. याच्या जनुकाशेजारी जोडीला पंधरा सुटे तुकडे ठेवलेले असतात. त्यातलं ठिगळ इकडे लाव, तिकडे लाव, अशी गोधडी तो सतत बदलत राहतो. आपल्या अँटिबॉडींना चेहरा पाठ होईपर्यंत चेहराच बदललेला.

ही सोंगं बदलायला वेळ लागतो. गोचीड चिकटल्यावर जंतू आपल्यापर्यंत पोहोचायला बहुतेक वेळा एका दिवसाहून जास्त काळ जातो. म्हणून जंगलातून आल्यावर त्याच दिवशी अंग तपासायचं. कोवळी गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, तेव्हा गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघायचं. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तिकडे शिकायला गेलेल्या मित्रमैत्रिणींना एवढं सांगितलंत तरी हा लेख वसूल.

याच वेळेचा फायदा घेऊन शास्त्रज्ञांनी एक भन्नाट लस बनवली. विचार असा. माणसाला ओस्प-ए टोचायचं, म्हणजे त्याच्या रक्तात ओस्प-ए विरुद्ध अँटिबॉडी तयार होतील. मग गोचीड चावेल तेव्हा ती रक्तासोबत या अँटिबॉडीही पिईल. तिच्या आतड्यातला जंतू अजून जुन्याच सोंगात असतो. अँटिबॉडी त्याला तिथेच गाठणार आणि खलास करणार. म्हणजे लस माणसाला टोचायची आणि लढाई गोचिडीच्या पोटात! चोर आपल्या घरात शिरायच्या आधीच त्याच्या घरी जाऊन पकडला. सुमारे अकरा हजार लोकांवर तिची चाचणी झाली. तीन डोसनंतर ७६ टक्के संरक्षण मिळालं. डिसेंबर १९९८मध्ये ‘लाइमरिक्स’ नावाने तिला अमेरिकेत परवानगी मिळाली.

आणि फेब्रुवारी २००२मध्ये कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. जेमतेम तीन वर्षांत.

काय झालं मधल्या काळात? झालं असं की परवानगीच्या काही महिने आधी ‘सायन्स’ या मान्यवर जर्नलमध्ये एक शोधनिबंध आला. ओस्प-एमधला नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा आणि आपल्याच पांढऱ्या पेशींवरच्या एलएफए-१ नावाच्या प्रथिनातला तुकडा, हे दोन्ही एकमेकांसारखे दिसतात, असं त्यात मांडलं होतं. काही लाइम रुग्णांचा गुडघा प्रतिजैविकं घेऊनही सुजलेलाच राहतो. प्रतिकारशक्ती जंतूवर नेम धरते आणि त्या साम्यामुळे स्वतःच्याच पेशींवर गोळी झाडते, असं तर होत नसेल ना? आणि तसं असेल, तर ओस्प-एची लस टोचल्यावरही तेच होणार नाही कशावरून?

मला इथे ठामपणे म्हणायचंय की ही शंका फालतू नव्हती. ती कुठल्या बाबाने काढलेली नव्हती, शास्त्रज्ञांनी पुराव्यासकट मांडली होती. ती विचारायलाच हवी होती.

फक्त एक गोष्ट. दोन रेणू सारखे दिसले म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नसतं. गोचिडीतूनच येणाऱ्या एका दुसऱ्या आजाराचं उदाहरण देते, आपल्या महाराष्ट्रातही आढळणाऱ्या टिक टायफसचं. त्याचा जंतू रिकेट्सिया. त्याच्या बाहेरच्या पटलात मात्र एलपीएस असतं. १९१६मध्ये एडमंड वाइल आणि आर्थर फेलिक्स यांच्या लक्षात आलं की टायफसच्या रुग्णाचा रक्तद्राव प्रोटिअस नावाच्या भलत्याच जीवाणूच्या गुठळ्या करतो. प्रोटिअसचा टायफसशी काडीचा संबंध नाही. दोघांच्या पटलांतल्या साखरेच्या साखळ्या तेवढ्या मिळत्याजुळत्या. या योगायोगावर वाइल-फेलिक्स चाचणी उभी राहिली आणि स्वस्त म्हणून आपल्याकडे बऱ्याच छोट्या दवाखान्यांत ती अजूनही करतात. पण याच साम्यामुळे ती कधीकधी फसवतेही. म्हणजे साम्य हा सुगावा असतो, निकाल नसतो. निकालासाठी पुढे तपास करावा लागतो.

ओस्प-एच्या बाबतीत तो तपास झाला. चाचणीत लस घेतलेला गट आणि नुसतंच पाणचट इंजेक्शन घेतलेला गट, यांच्यात संधिवाताच्या प्रमाणात फरक दिसला नव्हता. परवानगीनंतर सुमारे चौदा लाख डोस वाटले गेले. त्यातून सरकारी यंत्रणेकडे संधिवाताच्या ५९ तक्रारी आल्या. चौदा लाखांमागे ५९. लस न घेतलेल्या लोकांत एरवी जेवढ्या जणांना संधिवात होतो, त्याहून हे प्रमाण जास्त नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर ज्याच्या डोक्यात फांदी पडते त्याला कावळाच दिसणार. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही सगळी आकडेवारी तपासली. लसीमुळे संधिवात होतो याचा पुरावा सापडला नाही.

पण तोवर गोष्ट हाताबाहेर गेली होती. डिसेंबर १९९९मध्ये खटला दाखल झाला. बातम्यांमधून ‘लसीचे बळी’ दिसू लागले. खप कोसळला आणि कंपनीने दुकान बंद केलं. खटला पुढे २००३मध्ये तडजोडीने मिटला. त्यात वकिलांना दहा लाख डॉलरहून जास्त फी मिळाली आणि तक्रारदार रुग्णांना भरपाई म्हणून काहीही नाही. गंमत बघा, ओस्प-एवर आधारलेल्या कुत्र्यांच्या लसी अमेरिकेत चालूच राहिल्या. कुत्र्याला लाइमपासून संरक्षण आहे, त्याला फिरायला नेणाऱ्या मालकाला नाही!

आता इथे ‘लोक मूर्ख असतात’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आमच्या ग्रुपवर एकाने म्हटलंच तसं. मला ते अजिबात पटत नाही.

ज्यांचे गुडघे दुखत होते त्यांचं दुखणं खरं होतं. त्यांनी कारण शोधणं साहजिक होतं. या आजाराचा छडाच एका आईने ‘डॉक्टर म्हणतात ते मला पटत नाही’ असं म्हटल्यामुळे लागला होता, मग त्याच भागातल्या लोकांनी पुन्हा प्रश्न विचारला तर तो गुन्हा कसा? शिवाय लसही काही सर्वगुणसंपन्न नव्हती. वर्षभरात तीन डोस घ्यावे लागत. दोनच घेतले तर संरक्षण निम्म्यावर येई. पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी परवानगीच नव्हती, आणि लाइम तर मुलांनाही भरपूर होतो. बूस्टर किती वर्षांनी लागेल, याचं नक्की उत्तर नव्हतं. त्यामुळे ‘झकास लस कटकारस्थानाने मारली’ हा मेसेजही तितकाच खोटा, जितका ‘लसीने सांधे निकामी झाले’ हा.

मग चुकलं कुठे? माझं मत असं की शंका घेण्यात चुकलं नाही, उत्तर आल्यावर ते पोहोचवण्यात आणि ऐकण्यात चुकलं. शंका टीव्हीवरून घराघरांत गेली. उत्तर आलं ते समितीच्या बैठकीत आणि जर्नलच्या पानांत. शंका सांगायला एक वाक्य पुरलं, ‘लस तुमच्याच शरीराला शत्रू बनवते.’ उत्तर सांगायला पटल, प्रथिन, साम्य, प्रमाण असं सगळं समजावून द्यावं लागतं. ज्यांना ते समजत होतं त्यांनी ते सोप्या शब्दांत सांगण्याचे कष्ट पुरेसे घेतले नाहीत. आणि ऐकणाऱ्यांनी एकदा घाबरल्यावर पुन्हा मागे वळून विचारलं नाही, की ‘त्या शंकेचं पुढे काय झालं?’

हा प्रश्न आपणही कधी विचारत नाही. आठवून बघा. अमुक गोष्टीने कॅन्सर होतो, तमुक औषधाने किडनी जाते, असे किती मेसेज आपण वाचले. त्यातल्या किती गोष्टींचा पुढचा भाग शोधला? पहिला एपिसोड बघून निकाल लावणारी जमात आपली. वेब सिरीजचा शेवट मात्र रात्रभर जागून बघतो.

शंकेला नीट वागवलं तर काय होतं, तेही या गोष्टीत आहे. आता फायझर आणि वाल्नेवा या कंपन्या मिळून ओस्प-एवरचीच नवी लस विकसित करतायत. तिच्या तिसऱ्या टप्प्यातल्या मोठ्या चाचणीला २०२२मध्ये सुरुवात झाली. अमेरिकेतला आणि युरोपातला जंतू थोडे वेगळे, म्हणून तिच्यात ओस्प-एची सहा रूपं घेतली आहेत. आणि तो नऊ अमिनो आम्लांचा वादग्रस्त तुकडा? तो बदलून टाकला आहे. त्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नसताना! लोकांच्या मनातल्या भीतीचा मान राखायचा म्हणून. मला हे फार आवडलं. शंकेची टिंगल केली नाही, तिला शरणही गेले नाहीत. तिला उत्तर दिलं. पण तोवर मध्ये वीस वर्षं गेली. अमेरिकेत दरवर्षी अंदाजे पावणेपाच लाख लोकांवर लाइमचे उपचार होतात. हिशेब तुम्हीच करा.

‘तिकडच्या आजाराचं आम्हाला काय’ असं म्हणू नका. २०१६पासून सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या बाजूला, माकडतापाचे रुग्ण सापडायला लागले. तोही गोचिडीतूनच येतो. काजूच्या बागेत राबणाऱ्यांना, जंगलात लाकूडफाट्यासाठी जाणाऱ्यांना होतो. तो विषाणू आहे, त्यामुळे डॉक्सिसायक्लिन तिथे चालत नाही. कर्नाटकात त्यावर वर्षानुवर्षं वापरलेली लस पुरेसं संरक्षण देत नाही म्हणून थांबवावी लागली आणि आता नव्या लसीवर काम चालू आहे. उद्या ती आली आणि गावात कुणी म्हणालं, ‘लस घेतल्यापासून गुडघे धरलेत’, तर काय करणार आहोत आपण? हसणार? मेसेज पुढे ढकलणार? की शेजारी बसून नीट सांगणार?

म्हणून दोनच गोष्टी सुचवते. तुम्ही सायन्सला असाल, तर पुढच्या परीक्षेसाठी जे पटल पाठ कराल ते एकदा घरी आजीला किंवा मावशीला समजावून बघा. एलपीएस हा शब्द न वापरता. जमलं तर तुम्हाला ते खरंच समजलंय. आणि तुम्ही आर्ट्स, कॉमर्स, कुठेही असाल, तरी भीतीदायक मेसेज आला की दोन प्रश्न विचारा. ‘कितींपैकी किती?’ आणि ‘पुढे काय झालं?’ या दोन प्रश्नांना डिग्री लागत नाही. पॉली मरे यांच्याकडेही डॉक्टरकीची डिग्री नव्हती.

तर मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं. लांबलचक मेसेज. चौघांनी अंगठा दाखवला, एकाने ‘बापरे केवढं लिहिलंस’ म्हटलं. मॅसॅच्युसेट्सवाल्या मैत्रिणीने मात्र दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘मग ती नवीन लस आली की घेऊ का?’

मी लिहिलं, ‘डॉक्टरला विचार. आणि आकडे मागून घे.’